विश्लेषण : रोबोटिक्स किटच्या आधी होते लाकडी ठोकळे... ‘किंडरगार्टन’चे जनक फ्रोबेल यांचे आयुष्य आजच्या शाळांना काय सांगते?

शाळाप्रवेशाच्या जाहिरातींत ‘रोबोटिक्स लॅब’ हे शब्द आता हमखास दिसतात. प्लास्टिकच्या विटा, मोटर, सेन्सर आणि छोटा संगणक असलेले किट वर्गात आले की मुले आपोआप सर्जनशील होतील, अशी पालकांची अपेक्षा असते. त्यासाठी वेगळे शुल्कही मोजले जाते. मात्र हाताने रचता रचता शिकण्याची कल्पना संगणकयुगातील नाही. एकोणिसाव्या शतकात फ्रीडरिश फ्रोबेल या जर्मन शिक्षकाने लाकडी ठोकळ्यांचे संच तयार केले आणि त्याभोवती लहान मुलांची शाळा उभी केली. तिलाच आपण आज ‘किंडरगार्टन’ म्हणतो. त्यांच्या हयातीत प्रशियाच्या सरकारने या शाळांवर बंदी घातली आणि त्यांच्या पश्चात अनेक ठिकाणी त्यांच्याच अनुयायांनी खेळाची कवायत करून टाकली. किटवर खर्च करणाऱ्या प्रत्येक शाळेने आणि पालकाने समजून घ्यावी अशी ही कहाणी आहे.

फ्रोबेल यांचे बालपण कसे गेले?

फ्रोबेल यांचा जन्म २१ एप्रिल १७८२ रोजी थुरिंगियाच्या जंगलपट्टीतील ओबरवाइसबाख या गावी झाला. वडील ल्यूथरपंथी धर्मगुरू होते. फ्रोबेल वर्षाचेही नव्हते तेव्हा आई वारली. वडिलांनी दुसरे लग्न केले. सावत्र आईला स्वतःचे मूल झाल्यावर या मुलाकडे फारसे कोणी पाहिले नाही. वडील धर्मकार्यात गुंतलेले, त्यामुळे घरालगतची बाग आणि आसपासचे रान हेच त्यांचे सोबती ठरले. दहाव्या वर्षी मामांनी त्यांना श्टाटइल्म येथे आपल्या घरी नेले, तेव्हा कुठे मायेचे घर मिळाले. पुढे मुलांच्या शाळेला ‘बाग’ म्हणणाऱ्या या माणसाच्या बालपणात बाग होती, पण तिथे लक्ष देणारे मोठे माणूस नव्हते. तीन ते सात वर्षांच्या मुलांसाठी त्यांनी उत्तरायुष्य का वेचले, याचे एक उत्तर इथे सापडते.

ते शिक्षणाकडे कसे वळले?

सरळ मार्गाने अजिबात नाही. पंधराव्या वर्षी वनाधिकाऱ्याच्या हाताखाली उमेदवारी केली. १७९९ मध्ये येना विद्यापीठात गेले. तिथे भावाला दिलेले पैसे परत न आल्याने स्वतःचे देणे थकले आणि सुमारे नऊ आठवडे विद्यापीठाच्या कोठडीत काढावे लागले. शिक्षण अर्धवट राहिले. १८०२ मध्ये वडील गेले. त्यानंतर काही वर्षे जमीनमोजणी, हिशेबनीस अशी मिळतील ती कामे केली. १८०५ मध्ये वास्तुकला शिकण्यासाठी ते फ्रँकफर्टला आले. तिथे एका प्रयोगशील शाळेचे प्रमुख आंटोन ग्रूनर यांनी त्यांना शिकवण्याचे काम देऊ केले. वर्गात उभे राहिल्यावर आपली जागा हीच, हे तेवीस वर्षांच्या फ्रोबेल यांना उमगले.

ग्रूनर यांची शाळा स्विस शिक्षणतज्ज्ञ पेस्तालोझ्झी यांच्या विचारांवर चालत असे. मुलाला आधी वस्तू पाहू द्या, हाताळू द्या, शब्द नंतर येतील, हा त्या विचारांचा गाभा. फ्रोबेल १८०८ ते १८१० अशी दोन वर्षे आपल्या तीन विद्यार्थ्यांसह स्वित्झर्लंडमधील इव्हर्दाँ येथे पेस्तालोझ्झी यांच्या संस्थेत राहिले. भारावूनही गेले. मात्र तिथे शिकवलेले विषय एकमेकांशी जोडले जात नाहीत, अशी खंत घेऊन ते परतले.

स्फटिकांचा आणि ठोकळ्यांचा संबंध काय?

१८११ पासून फ्रोबेल यांनी गटिंगेन आणि नंतर बर्लिन येथे पुन्हा विद्यापीठीय शिक्षण घेतले. बर्लिनमध्ये ख्रिस्टियान झामुएल वाइस या स्फटिकशास्त्राच्या आद्य अभ्यासकाच्या हाताखाली ते शिकले. १८१३ मध्ये नेपोलियनविरुद्धच्या युद्धात स्वयंसेवक म्हणून गेले. तिथे भेटलेले मिडेनडॉर्फ आणि लांगेटाल हे दोन तरुण जन्माचे सहकारी झाले. परतल्यावर त्यांनी वाइस यांच्याच खनिज संग्रहालयात सहायकाची नोकरी केली. दिवसभर स्फटिक हाताळायचे, त्यांची मापे घ्यायची, वर्गवारी करायची हे काम होते. साध्या घनापासून नियमानुसार गुंतागुंतीचे आकार कसे घडतात, हे ते रोज पाहत होते. पुढे त्यांनी मुलांच्या हाती जे आकार दिले त्यांची भूमिती या कामातून आली, असे शिक्षणाच्या इतिहासाचे काही अभ्यासक मानतात.

पहिली शाळा कुठे आणि कशी सुरू झाली?

भाऊ ख्रिस्टोफ यांचे १८१३ मध्ये साथीच्या तापाने निधन झाले होते. त्यांच्या मुलांना शिकवण्यासाठी फ्रोबेल यांनी संग्रहालयाची नोकरी सोडली आणि १८१६ मध्ये ग्रीसहाइम येथे पाच पुतण्यांना घेऊन शाळा सुरू केली. पुढच्याच वर्षी ती जवळच्या काइलहाऊ या खेड्यात हलवली. पाठांतराच्या जोडीने भटकंती, शेतीकाम, सुतारकाम, खेळ असा तिथला दिनक्रम होता. १८२६ मध्ये त्यांचा ‘मानवाचे शिक्षण’ या अर्थाच्या नावाचा प्रमुख ग्रंथ प्रसिद्ध झाला. खेळ म्हणजे वेळ घालवणे नव्हे, तर या वयातील मुलाचे ते सर्वांत गंभीर काम, ही भूमिका त्यात मांडली आहे.

पण काळ संशयाचा होता. मोकळ्या विचारांची शाळा म्हणजे राजद्रोह्यांचा अड्डा, अशी कुजबुज झाली. सरकारी तपासणीचा अहवाल शाळेच्या बाजूने आला, तरी पालकांनी धास्तीने मुले काढून घेतली आणि पट हाताच्या बोटांवर मोजण्याइतका उरला. १८३१ मध्ये फ्रोबेल स्वित्झर्लंडला गेले. बुर्गडॉर्फ येथील अनाथालय चालवताना त्यांच्या लक्षात आले की मूल शाळेच्या वयाला पोहोचेपर्यंत घडणीची मोलाची वर्षे निघून गेलेली असतात. मग या वर्षांसाठी काय करायचे, हाच त्यांच्या पुढच्या आयुष्याचा प्रश्न झाला.

‘गिफ्ट’ म्हणजे नेमके काय?

१८३७ मध्ये, पंचावन्नाव्या वर्षी, फ्रोबेल यांनी बाड ब्लांकेनबुर्ग या छोट्या गावी खेळसाहित्य तयार करणारी आणि लहान मुलांसाठी उपक्रम घेणारी संस्था सुरू केली. या साहित्याला त्यांनी ‘भेट’ असे नाव दिले. इंग्रजीत ती ‘गिफ्ट’ म्हणून रूढ झाली. क्रम असा :

पहिली भेट : लोकरीचे सहा रंगीत मऊ चेंडू.

दुसरी भेट : लाकडी गोल, घन आणि दंडगोल. गोल घरंगळतो, घन स्थिर राहतो आणि दंडगोल दोन्ही करतो.

तिसरी भेट : एक मोठा घन, पण आठ सारख्या लहान घनांचा बनलेला.

चौथी भेट : तसाच घन, पण आठ चपट्या विटांचा.

पाचवी भेट : २७ घनांचा मोठा घन. त्यातील तीन घन तिरके अर्धे केलेले आणि तीन तिरके चौथाई केलेले, म्हणजे एकूण ३९ तुकडे.

सहावी भेट : २७ विटांचा घन. त्यातील काही विटा आडव्या, काही उभ्या कापलेल्या, म्हणजे एकूण ३६ तुकडे.

यानंतर लाकडी पट्ट्या, काड्या, कड्या, कागदाच्या घड्या, विणकाम, माती असे साहित्य येई. त्यात एक साधी युक्ती होती. भिजवलेल्या वाटाण्यांत टोकदार काड्या खोचून सांगाडे उभे करायचे. घर, पूल, मनोरा काहीही. चौकोनी सांगाडा डगमगतो आणि त्रिकोणी टिकतो, हे मुलाला शिकवावे लागत नसे, ते बोटांना कळे.

वर्गात हे ठोकळे कसे वापरले जात?

तिसऱ्या भेटीची पेटी टेबलावर उलटी ठेवायची, झाकण सरकवायचे आणि पेटी अलगद उचलायची. मुलासमोर अखंड घन उभा राहतो. तो फोडून मूल रचायला लागते. फ्रोबेल यांनी रचनेचे तीन प्रकार सांगितले होते. पहिला जगण्यातील वस्तूंचा : खुर्ची, विहीर, घर. दुसरा सौंदर्याचा : मध्यबिंदूभोवती सममित नक्षी, आपल्या रांगोळीसारखी. तिसरा ज्ञानाचा : अर्धे, चौथाई, आठवा भाग. तेच आठ ठोकळे कधी घर, कधी नक्षी, कधी अपूर्णांक होतात. दोन संकेत महत्त्वाचे होते. एकही ठोकळा बाजूला उरू नये आणि आधीची रचना न मोडता तिच्यातूनच पुढची घडवावी. खुर्चीचे दोन ठोकळे सरकवले की पलंग.

हेच आठ घन आजच्या पाचवी-सहावीच्या वर्गातही उपयोगी पडतात. दोन-दोन-दोन असा घन रचला तर बाहेर २४ चौरस दिसतात. दोन बाय चार असे पसरले तर २८. एका ओळीत ठेवले तर ३४. घनफळ तेच आठ, पण पृष्ठफळ बदलते. सूत्र पाठ करण्याआधी हे हाताने मोजलेले मूल सहसा ही गोष्ट विसरत नाही.

सरकारने बंदी का घातली?

१८४० च्या जूनमध्ये फ्रोबेल यांनी आपल्या शाळेला ‘किंडरगार्टन’ म्हणजे ‘मुलांची बाग’ हे नाव दिले. माळी झाड ओढून वाढवत नाही. माती, पाणी, ऊन पाहतो, तसा शिक्षक असावा, हा त्यामागचा विचार. ब्लांकेनबुर्गचा प्रयोग पैशांअभावी काही वर्षांतच थांबला. मग ते गावोगावी फिरून व्याख्याने देऊ लागले आणि तरुणींना शिक्षिका म्हणून तयार करू लागले. त्या काळी हे धाडसच होते.

१८४८ च्या फसलेल्या क्रांतीनंतर जर्मन राज्ये सावध झाली होती. ७ ऑगस्ट १८५१ रोजी प्रशियाच्या सरकारने किंडरगार्टनवर बंदी घातली. या शाळा नास्तिकता आणि समाजवाद पसरवतात, असा ठपका होता. यात गफलत होती. पुतण्या कार्ल फ्रोबेल यांच्या स्त्रीशिक्षणविषयक पुस्तिकेतील विचार सरकारने काकांच्या नावावर जमा केले होते. फ्रोबेल यांनी खुलासे केले, दाद मागितली, पण मंत्री फॉन राउमर यांनी बंदी मागे घेतली नाही. वर्षभराच्या आत, २१ जून १८५२ रोजी, मारियनताल येथे वयाच्या सत्तराव्या वर्षी फ्रोबेल यांचे निधन झाले. बंदी १८६० मध्ये उठली, ती पाहायला ते नव्हते. श्वायना येथील त्यांच्या स्मारकावर घन, दंडगोल आणि गोल हे तीन आकार एकावर एक कोरलेले आहेत.

त्यांच्यानंतर ठोकळ्यांचे काय झाले?

कल्पना जगली ती स्त्रियांमुळे. बेर्टा फॉन मारेनहोल्ट्झ-ब्यूलो यांनी ती युरोपभर नेली. मार्गारेटे शुर्झ यांनी १८५६ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात वॉटरटाउन येथे जर्मनभाषक मुलांसाठी किंडरगार्टन सुरू केले. सूझन ब्लो यांनी १८७३ मध्ये सेंट लुइस येथे ते सार्वजनिक शाळेत आणले. १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात हे ठोकळे पाहून एका आईने ते मुलासाठी घेतले. तो मुलगा म्हणजे वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट. लहानपणीच्या त्या ठोकळ्यांचे ऋण त्यांनी आत्मचरित्रात मान्य केले आहे.

पण प्रसारासोबत साचलेपणही आले. खेळणी कंपन्या संच विकू लागल्या, शिक्षिकांसाठी पायरी-पायरीची मार्गदर्शक पुस्तके निघाली. अनेक वर्गांत टेबलांवर एक-एक इंचाच्या चौकटी आखलेल्या असत. बाई सांगतील तो ठोकळा, त्या सांगतील त्या चौकटीत, सगळ्यांनी एकाच वेळी ठेवायचा. खेळाची कवायत झाली. दोष केवळ अनुयायांचा नव्हता. फ्रोबेल यांच्या लेखनातही प्रत्येक आकाराला गूढ अर्थ आणि काटेकोर क्रम होताच. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर जॉन ड्यूई यांनी या नकलेवर टीका केली. कॅरोलाइन प्रॅट यांनी तर किंडरगार्टनच्या प्रशिक्षणाला कंटाळून सुतारकाम शिकून घेतले आणि पुढे न्यूयॉर्कच्या आपल्या शाळेत जमिनीवर बसून मनाला येईल ते रचता येतील असे साधे मोठे ठोकळे आणले.

रोबोटिक्स किटशी याचा धागा कसा जुळतो?

लेगोची वीट वेगळ्या वाटेने आली. डेन्मार्कमधील बिलुंडचे सुतार ओले कर्क क्रिस्टियानसन यांनी १९३२ मध्ये लाकडी खेळणी करायला सुरुवात केली. आजच्या पकड घेणाऱ्या विटेच्या पेटंटसाठी जानेवारी १९५८ मध्ये अर्ज झाला. आठ खुंट्यांच्या एकाच रंगाच्या सहा विटा ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५ प्रकारे जोडता येतात.

या विटेला विचार करायला लावले ते अमेरिकेतील एमआयटीच्या सेमूर पॅपर्ट यांनी. जीनिव्हात झ्याँ पियाजे यांच्यासोबत काम केलेल्या पॅपर्ट यांचा १९६७ मध्ये मुलांसाठीची ‘लोगो’ ही संगणकभाषा घडवण्यात मोठा वाटा होता. १९८० च्या दशकात लेगोसोबत काम सुरू झाले आणि १९९८ मध्ये ‘माइंडस्टॉर्म्स’ हे किट बाजारात आले. त्याचे नाव पॅपर्ट यांच्याच पुस्तकावरून घेतलेले. त्यामागील संशोधन ज्या गटात झाले त्याचे नाव ‘लाइफलाँग किंडरगार्टन’, म्हणजे आयुष्यभराची बालवाडी. पुढे ‘स्क्रॅच’ ही ठोकळे जोडून प्रोग्राम लिहिण्याची सोपी पद्धत याच गटाने दिली. फ्रोबेल यांचा वारसा इथे नावातच मान्य केला आहे.

शिकण्याची रीतही तीच आहे. समजा किटमधील चाकाचा व्यास ५.६ सेंटिमीटर आहे. गाडी बरोबर एक मीटरवर थांबवायची तर चाकाचे किती फेरे? मूल आधी अंदाजाने पाच सांगते. गाडी अलीकडे थांबते. सहा दिले तर पुढे जाते. मग परिघ मोजायची गरज त्यालाच वाटते. परिघ सुमारे १७.६ सेंटिमीटर, म्हणून फेरे जवळपास ५.७. हे उत्तर गाडीच्या चुकण्यातून आलेले असते.

महाराष्ट्रात ही परंपरा आहे का?

आहे, आणि तीही स्वस्तातली. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे आणि पुढे कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत काम करताना परदेशी धर्तीचे महागडे साहित्य बाजूला ठेवून खडे, बिया, शिंपले, पाने यांतून बालशिक्षण उभे केले. अनुताई वाघ यांनी ते पुढे नेले. ‘बालवाडी’ शब्दातील ‘वाडी’ म्हणजेही बागच. पुण्याच्या ‘आयुका’तील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत बरीच वर्षे काम केलेल्या अरविंद गुप्ता यांनी सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि आगकाड्या जोडून त्रिकोण, घन, मनोरे करायला हजारो मुलांना शिकवले. फ्रोबेल यांच्या वाटाणे-काड्यांचाच हा भारतीय भाऊबंद म्हणायला हरकत नाही. दुसरीकडे, २०१६ पासून केंद्राच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेतून सहावी ते बारावीच्या मुलांसाठी निवडक शाळांना प्रयोगशाळा उभारायला प्रत्येकी २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते. म्हणजे साहित्य आगकाडीचे असो वा लाखांचे, शाळांपुढील प्रश्न एकच उरतो.

मग शाळा आणि पालकांनी काय पाहावे?

फ्रोबेल यांचे आयुष्य दोन धोके दाखवते. एक, मुलांच्या मोकळेपणाची मोठ्यांना वाटणारी भीती. तिने प्रशियात बंदी आणली. दुसरा अधिक शांत आणि म्हणून अधिक घातक : साहित्य टिकते, पण त्यामागील हेतू निघून जातो. चौकटी आखलेल्या टेबलावर जे ठोकळ्यांचे झाले, तेच छापील सूचनांनुसार चाळीस मिनिटांत रोबो जोडून परत पेटीत भरण्याच्या तासात किटचे होऊ शकते.

म्हणून शाळेत गेल्यावर लॅबच्या काचेमागील कपाटापेक्षा काही साध्या गोष्टी विचाराव्यात. किट आठवड्यातून किती वेळ मुलांच्या हातात असते? एका संचावर किती मुले असतात आणि जोडणी रोज त्याच एका मुलाकडे जाते का? मुलींच्या हाती स्क्रूड्रायव्हर येतो का? मॉडेल बिघडले तर शिक्षक स्वतः दुरुस्त करतात, की मुलांना शोधू देतात? सूचनापत्र संपल्यावर मुलांना स्वतःचे काही करायला आणखी एक तास मिळतो का? शिक्षकांना यासाठी वेळ आणि प्रशिक्षण आहे का, हे तर आधी विचारावे. फ्रोबेल यांनी अखेरची वर्षे नवे ठोकळे बनवण्यापेक्षा शिक्षिका घडवण्यात घालवली, ते उगाच नव्हे.

एक पडताळा कोणालाही करता येईल. तास संपल्यावर वर्गातील सगळी मॉडेल हुबेहूब सारखी दिसत असतील, तर मुलांनी सूचना वाचायला शिकल्या आहेत. तीही उपयोगाची गोष्ट आहे. पण दोन-चार मॉडेल वेगळी, एखादे वाकडे, एखादे अजून न चालणारे आणि त्याभोवती वाद घालणारी मुले दिसली, तर तिथे खर्च केलेला पैसा सत्कारणी लागतो आहे, असे समजावे. आणि अशा वर्गासाठी किट महाग असलेच पाहिजे, असेही नाही.